नाइटमधला जी-एच

वर्गात ‘एन-आय-जी-एच-टी, नाइट’ अशी घोकंपट्टी चालू असली की एखादं मूल हमखास विचारतं, “बाई, जी आणि एच म्हणायचेच नाहीत तर लिहायचे कशाला?” आपण बहुतेक वेळा म्हणतो, “इंग्रजीत असंच असतं, पाठ कर.” पाठ करावं लागतं हे खरंच आहे. पण ‘असंच असतं’ हे काही उत्तर नव्हे. या प्रश्नाला नीट उत्तर आहे आणि ते व्याकरणात सापडत नाही, इतिहासात सापडतं.

प्रथम गोंधळ किती आहे ते पाहू. नाइट, लाइट, राइट, हाय, एट, नेबर, डॉटर, थॉट, या सगळ्यांत जी-एच आहे आणि तो मुका आहे. लाफ, कफ, रफ, टफ, इनफ यांत तो ‘फ’ होऊन बसला आहे. घोस्टमध्ये तो नुसता ‘ग’ आहे. आणि ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं एकत्र आली की विचारूच नका. दो, थ्रू, बाउ, कफ, टफ आणि थॉट या सहा शब्दांत त्यांचे सहा वेगळे उच्चार होतात. हे शिकवणाऱ्याची दया यावी अशीच स्थिती आहे.

आता मूळ मुद्दा. नाइटमधला जी-एच एके काळी खरोखर उच्चारला जात असे. घशाच्या वरच्या भागात जीभ टाळूजवळ नेऊन, वाट पूर्ण बंद न करता हवा घासून सोडली की जो ध्वनी निघतो, तो हा ध्वनी. उर्दूतल्या ‘ख़बर’, ‘ख़त’ या शब्दांतला नुक्तेवाला ‘ख़’ त्याच्या अगदी जवळचा आहे. हजारेक वर्षांपूर्वी इंग्लंडमधला शेतकरी रात्रीला ‘निख़्त’सारखं काहीतरी म्हणत होता आणि मुलीला ‘दोख़्तोर’. ‘इ’नंतर येणारा ख़ जरा मऊ, जीभ पुढे आणून काढलेला असे, ‘ओ’, ‘उ’ यांच्यानंतरचा खरखरीत. हा फरक लक्षात ठेवू या, पुढे उपयोगी पडेल.

हजार वर्षांपूर्वीचा उच्चार आज कसा कळतो? ध्वनिमुद्रणं तर नाहीत. पण भाऊबंद आहेत. जर्मन ही इंग्रजीची सख्खी बहीण, आणि तिच्यात रात्रीला ‘नाख़्ट’, आठाला ‘आख़्ट’, मुलीला ‘टॉख़्टर’ आणि उजेडाला ‘लिख़्ट’ म्हणतात. इंग्रजीत जिथे मुका जी-एच आहे, तिथेच जर्मनमध्ये बोलका ख़ आहे. एखाद-दुसऱ्या शब्दात नव्हे, शब्दामागून शब्दात. इतका मेळ योगायोगाने बसत नाही.

थोडं आणखी मागे गेलं की ही वाट आपल्या दाराशी येते. लॅटिनमध्ये आठ म्हणजे ‘ऑक्टो’, संस्कृतमध्ये ‘अष्ट’. रात्र लॅटिनमध्ये ‘नॉक्स’, तिचीच रूपं ‘नॉक्टिस’ अशी चालतात. आणि संस्कृतमध्ये ‘नक्त’. दिवसभर उपास करून रात्री जेवायचं, त्या व्रताला आपल्याकडे नक्त म्हणतात, तोच हा शब्द. म्हणजे श्रावणातल्या नक्तातला ‘क्’ आणि नाइटमधला जी-एच एकाच मुळातून आले आहेत. जुन्या ‘क’चा जर्मानिक भाषांत ‘ख़’ झाला. याकोब ग्रिम याने १८२२ साली मांडलेल्या नियमात हा बदल बसतो. (परीकथा गोळा करणाऱ्या दोघा भावांपैकीच हा थोरला.) वजनाला हलका या अर्थाचा ‘लाइट’ आणि आपला ‘लघु’, ‘राइट’ आणि ‘ऋजु’, ‘डॉटर’ आणि ‘दुहितृ’ याही अशाच नात्यातल्या जोड्या. दिव्याचा लाइट मात्र वेगळ्या मुळाचा. तो संस्कृत ‘रुच्’ म्हणजे प्रकाशणे या धातूच्या कुळातला. इंग्रजीत दोन्ही लाइट लिहायला आणि बोलायला एकसारखे झाले, एवढंच.

तिसरी रूपं पाठ करून घेताना मुलं रडकुंडीला येतात, तिथेही हाच ध्वनी आहे. थिंक–थॉट, सीक–सॉट, ब्रिंग–ब्रॉट, टीच–टॉट. मूळ धातूच्या शेवटी ‘क’ किंवा ‘ग’ जातीचं व्यंजन, पुढे भूतकाळाचा ‘त’. दोन्ही भिडले की आधीच्याचा ख़ होई. संस्कृतात वच् धातूला ‘त’ लागून ‘उक्त’ होतं, युज्‌चं ‘युक्त’ होतं, तसाच प्रकार. तेव्हा ही रूपं लहरी नव्हेत. जुन्या संधीचे ते अवशेष आहेत. (कॅच–कॉट हे मात्र उपरं आहे. धातू फ्रेंचमधून आला आणि इथल्यांची चाल उचलून बसला.)

ध्वनी होता हे झालं. पण ख़साठी जी आणि एच अशी विचित्र जोडी कुठून आली? जुन्या इंग्रजीत तो नुसत्या एचने लिहीत. रात्र म्हणजे एन-आय-एच-टी. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि दरबार, न्यायालयं, मठ यांतला कारभार फ्रेंच आणि लॅटिनमध्ये गेला. पुढच्या दोन-तीन शतकांत इंग्रजी लिहिणारे लेखनिक फ्रेंच वळणात शिकलेले होते. फ्रेंचमध्ये ख़ नाही आणि तिथला एच दुबळा. एवढ्या घसघशीत ध्वनीला नुसता एच पुरेना, म्हणून कुणी आपल्या ३ या आकड्यासारखं दिसणारं एक जुनं अक्षर वापरी, कुणी जी-एच जोडून लिही. त्या ३सारख्या अक्षराला ‘योख़’ म्हणत, नावातच ध्वनी. छपाई आली तेव्हा खंडातून आणलेल्या खिळ्यांत योख़ नव्हता, आणि जी-एच टिकला. स्कॉटलंडमध्ये छापणाऱ्यांनी योख़च्या जागी त्याच्यासारखा दिसणारा झेड बसवला. त्यामुळे तिथलं एक आडनाव लिहितात मेंझीज आणि जुने लोक म्हणतात मिंगिस.

इंग्लंडमध्ये छपाई आणली विल्यम कॅक्स्टनने. तो मूळचा केंट परगण्यातला व्यापारी. उमेदीची तीसेक वर्षं त्याने आजच्या बेल्जियम-हॉलंडच्या मुलखात काढली, छपाईची कला कोलोनला शिकला, आणि १४७६ साली लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना थाटला. भूत या अर्थाचा शब्द तोवर नुसत्या जीने लिहिला जाई. कॅक्स्टनच्या पुस्तकांत त्यात एच शिरला. फ्लेमिश भाषेत या शब्दात जी-एच लिहीत, आणि कॅक्स्टनच्या डोळ्यांना व त्याच्या खिळे जुळवणाऱ्यांच्या हातांना तीच सवय होती. हंस, बोकड यांच्यासारख्या काही शब्दांतही त्याच्या छापखान्याने असा एच घातला होता. ते टिकले नाहीत, घोस्ट टिकला. म्हणजे घोस्टमधल्या एचचा नाइटमधल्याशी काडीचा संबंध नाही. तो इंग्रजीत कुणाच्याही तोंडून कधी उच्चारला गेला नाही. घी, घाट यांतला जी-एच आणखी निराळा. तिथे तो आपला ‘घ’ लिहिण्याची धडपड आहे. स्पॅगेटीतला इटालियन रिवाजाचा. अक्षरं तीच, कुळं चार.

आता सगळ्यात रंजक भाग. ख़ गेला कधी, आणि तो गेला हे कळतं कशावरून?

एक साक्षीदार शेक्सपिअर आहे. १५९८ साली छापलेल्या ‘लव्हज लेबर्स लॉस्ट’ या नाटकात होलोफर्नीझ नावाचा एक शाळामास्तर आहे. घमेंडखोर, लॅटिनचा सोस असलेला. शब्दात जेवढी अक्षरं तेवढी सगळी उच्चारली पाहिजेत असा त्याचा हट्ट. लोक डेटमधला बी खातात, नेबर हा शब्द जी-एच गाळून म्हणतात, याने त्याचं डोकं फिरतं. प्रेक्षकांनी त्याला हसावं अशी अपेक्षा आहे. याचा अर्थ १५९०च्या दशकात लंडनमध्ये बहुतेक लोक नेबर आजच्यासारखाच म्हणू लागले होते आणि ख़चा आग्रह हा चेष्टेचा विषय झाला होता. डेटमधल्या बीबद्दल तर मास्तर चुकतच होता. तो बी लॅटिनच्या पंडितांनी मागाहून घुसडलेला, मूळ फ्रेंच शब्दात नव्हताच. जी-एचबाबत मात्र त्याच्या बाजूने इतिहास होता. दुसरा साक्षीदार खराखुरा शाळामास्तर. लंडनच्या सेंट पॉल शाळेचा मुख्याध्यापक अलेक्झांडर गिल याने १६१९ साली इंग्रजीच्या उच्चारांवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. त्याच्या उच्चारलेखनात हा ध्वनी अजून शिल्लक आहे. कवी मिल्टन याच शाळेचा विद्यार्थी. म्हणजे एकाच शहरात, एकाच काळात, कुणी ख़ काढत होतं आणि कुणी काढत नव्हतं. उच्चार असेच बदलतात. एका रात्रीत नाही, एका घरात राहणाऱ्या दोन पिढ्यांमध्ये.

पण माझ्या मते सगळ्यात भरवशाचे साक्षीदार म्हणजे चुका. ‘डिलाइट’ हा शब्द घ्या. तो फ्रेंचमधून आला. त्यात ख़ कधीच नव्हता आणि आधी तो आय-टी-ई असा शेवट करूनच लिहीत. सोळाव्या शतकात त्यात जी-एच दिसू लागतो. का? लिहिणाऱ्याच्या कानाला लाइट आणि डिलाइट यांचा शेवट एकच वाटत होता, म्हणून त्याने लाइटचं स्पेलिंग डिलाइटला लावलं. लाइटमधला ख़ त्याच्या तोंडी जिवंत असता तर त्याची ही चूक झालीच नसती. ‘हॉटी’ म्हणजे गर्विष्ठ, हाही फ्रेंच ‘ओ’ म्हणजे उंच यावरून आला. त्यातला जी-एचही असाच नंतर चिकटलेला. चुकीचा जी-एच पडला की समजावं, खरा जी-एच तोवर मुका झाला होता. आपल्या वर्गातलं मूल ‘नाइट’ हा शब्द एन-आय-टी-ई असा लिहितं तेव्हा तेही हेच करत असतं. काइट, बाइट या शब्दांवरून ते नियम काढतं आणि तो लावतं. लाल शाईने गोल करायला हरकत नाही. पण त्या मुलाचा कान आणि तर्क दोन्ही शाबूत आहेत, हे शेजारी लिहायलाही हरकत नसावी.

ख़ गेला तो रिकाम्या हाताने गेला नाही. ‘निख़्त’मधला ख़ गळल्यावर आधीचा ऱ्हस्व ‘इ’ लांबला, ‘नीत’ झालं. मग पंधराव्या शतकापासून इंग्रजीतले सगळेच दीर्घ स्वर सरकू लागले, आणि दीर्घ ‘ई’चा ‘आइ’ झाला. व्यंजन गेलं की त्याची भरपाई स्वर लांबवून होते, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. अष्टचं प्राकृतात अट्ठ, आणि मराठीत आठ. सप्तचं सत्त, मग सात. दुग्धचं दुद्ध, मग दूध. आठ आणि एट हे दोन भाऊ, हजारो मैलांवर, एकाच प्रकारच्या बदलातून गेले. फरक इतकाच की आपण उच्चार बदलल्यावर लिहिणंही बदललं आणि त्यांनी बदललं नाही.

मग लाफ, कफ, रफ यांत ‘फ’ कुठून आला? इथे मघाचा मऊ आणि खरखरीत ख़ आठवा. ‘उ’, ‘ऑ’ म्हणताना ओठ गोल होतात. गोल ओठांनी खरखरीत ख़ म्हणून पाहा. कानाला तो फच्या अगदी जवळ येतो. ऐकणाऱ्या मुलांनी तो ‘फ’ म्हणूनच उचलला. आपल्या प्राचीन शिक्षाकारांना या दोन ध्वनींची जवळीक चांगली ठाऊक होती. संस्कृतातला विसर्ग ‘क’, ‘ख’च्या आधी आला की जिह्वामूलीय होतो, म्हणजे जवळजवळ ख़, आणि ‘प’, ‘फ’च्या आधी आला की उपध्मानीय, म्हणजे ओठांतून फुंकलेला, जवळजवळ फ. एकाच विसर्गाची ही दोन रूपं.

यातून वर्गात वापरता येईल असा एक नियम हाती लागतो. जी-एचच्या आधी आय किंवा ई-आय असेल तर त्याचा ‘फ’ कधीही होत नाही. नाइट, हाय, एट, वे, नेबर, कुठेही नाही. ‘फ’ होतो तो फक्त ए-यू आणि ओ-यू यांच्यानंतर, आणि तोही बहुतेक शब्दाच्या शेवटी. पुढे टी आला तर जी-एच मुकाच: डॉटर, थॉट, कॉट. (लाफ्टर हा लाफचाच मुलगा, तो बापावर गेला. ड्राफ्ट हा शब्द ब्रिटिश लोक जी-एचने लिहितात तेव्हा तो खरा अपवाद.) अर्थात बोलीभाषांत डॉटरचाही ‘डाफ्टर’ झाला होता. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये विदूषकाच्या पद्यात डॉटर आणि आफ्टर ही यमकं जुळवलेली आहेत.

टफ आणि बाउ, रफ आणि प्लाउ असे दोन तट का पडले, याचं उत्तर जुन्या विभक्तींमध्ये आहे. ख़ शब्दाच्या टोकाला असला तर तो राही आणि पुढे ‘फ’ होई. त्यापुढे प्रत्यय लागला की तो दोन स्वरांच्या मध्ये सापडे आणि मऊ होऊन ‘व’सारखा विरून जाई. एकाच शब्दाची अशी दोन रूपं शेजारी नांदत. इनफ आणि त्याचं जुनं अनेकवचन ‘इनाउ’ ही जोडी तर ग्रंथांत बराच काळ दिसते. पुढे प्रत्यय झडले. कुठे टोकाचं रूप उरलं, कुठे मधलं, आणि कोणतं उरावं हे परगण्यापरगण्यात निराळं ठरलं. कणीक या अर्थाचा शब्द प्रमाण इंग्रजीत ‘डो’ आहे, पण उत्तरेत त्याचा ‘डफ’ झाला, आणि तिथल्या एका पुडिंगच्या नावात तो आजही आहे.

उच्चार असे धावत असताना स्पेलिंग का थांबलं? छपाईमुळे, हे उत्तर बरोबर पण अर्धं. कॅक्स्टनच्या पुस्तकांत एकच शब्द तीन तऱ्हांनी छापलेला सापडतो. स्पेलिंग स्थिर केलं ते नंतरच्या शंभर-दीडशे वर्षांत, आणि त्यात शिक्षकांचा हात मोठा होता. लंडनच्या मर्चंट टेलर्स शाळेचा मुख्याध्यापक रिचर्ड मल्कॅस्टर याने १५८२ साली ‘एलेमेंटरी’ नावाच्या पुस्तकात आठ हजारांवर शब्दांची यादी देऊन ते कसे लिहावेत हे सुचवलं. उच्चाराप्रमाणे सगळं नव्याने लिहा, असं म्हणणारे लोक तेव्हाही होते. मल्कॅस्टरचं म्हणणं, उच्चार माणसागणिक आणि वर्षागणिक बदलतो. रूढीला मान द्या. त्याचंच चाललं. १७५५ साली सॅम्युअल जॉन्सनचा कोश आला तेव्हा जी-एच लंडनमध्ये मुका होऊन कितीतरी पिढ्या झाल्या होत्या, पण कागदावर तो पक्का होता.

तो काढण्याचे प्रयत्न झाले. अमेरिकेत नोआ वेब्स्टरच्या कोशांमुळे प्लाउ आणि ड्राफ्ट हे शब्द जी-एचविना रुळले. १९०६ साली अँड्र्यू कार्नेगीच्या पैशाने स्थापन झालेल्या सुधारणा मंडळाने तीनशे सोप्या स्पेलिंगांची यादी काढली. त्यात दो, थ्रू यांची जी-एच नसलेली रूपं होती. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने सरकारी छापखान्याला ती वापरायचा हुकूम दिला. वर्तमानपत्रांनी भरपूर टिंगल केली, त्याच वर्षी डिसेंबरात प्रतिनिधिगृहाने विरोधी ठराव केला, आणि रूझवेल्टने माघार घेतली. ‘शिकागो ट्रिब्यून’ने १९३४ पासून अशी काही रूपं छापली, १९७५ साली तीही सोडून दिली. जी-एचची थट्टा म्हणून फिश हा शब्द जी-एच-ओ-टी-आय असा लिहून दाखवतात आणि ती कोटी बर्नार्ड शॉच्या नावावर खपवतात. ती १८५५ सालच्या एका पत्रात आढळते; शॉचा जन्म १८५६चा. शिवाय कोटीत खोट आहे. शब्दाच्या सुरुवातीच्या जी-एचचा ‘फ’ इंग्रजीत कधीच होत नाही.

आपणही असा एक जी-एच बाळगून होतो. नांव, गांव, पांच, कांहीं. हे शब्द जुन्या पुस्तकांत अनुस्वार देऊन छापलेले दिसतात. ग्रामातला ‘म’ गेला, पञ्चातला ‘ञ’ गेला. त्याची खूण म्हणून तो ठिपका राहिला होता. कोकणातल्या बोलींत तो नाकातला सूर अजून ऐकू येतो, पण प्रमाण उच्चारातून तो गेला होता. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. मुलांचा फार मोठा ताप वाचला. होडी आणि आपलं नाव यांत मात्र कागदावर फरक उरला नाही. आपल्याला हे जमलं, कारण मराठीचा कारभार एका राज्यात, एका मंडळाच्या हाती होता. इंग्रजीला असं घर नाही. लंडनने जी-एच काढला तरी सिडनी, लागोस आणि मुंबई ऐकतीलच असं नाही.

त्याची किंमत कोण देतं हे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसतं. डंडी विद्यापीठातल्या फिलिप सिमोर आणि सहकाऱ्यांनी तेरा युरोपीय भाषांतल्या पहिल्या वर्षाच्या मुलांचं वाचन तपासलं. फिनिश, ग्रीक, जर्मन, इटालियन, स्पॅनिश मुलं ओळखीचे शब्द नव्वद टक्क्यांहून अधिक बरोबर वाचत होती. इंग्रजी वाचणारी मुलं सुमारे एकतृतीयांश. ही मुलं स्कॉटलंडमधली होती, म्हणजे जिथल्या स्कॉट्स बोलीत रात्रीला ‘निख़्त’, मुलीला ‘डॉख़्टर’ आणि तळ्याला ‘लॉख़’ म्हणतात, त्या प्रदेशातली.